उरलेले ऐकणे

ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, खोलीत येणाऱ्या बहुतेक माणसांचे पहिले वाक्य एकच असते: 'तसं ऐकू येतं.' निवृत्त मुख्याध्यापकांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी सांगतात, की यांना टीव्ही ऐकू येतो, दारात कोणी आले तर कळते, फक्त माझेच बोलणे ऐकू येत नाही. यंत्रमागावर आयुष्य काढलेला कामगार सांगतो, की मला काही त्रास नाही, मुलगा ऐकेना म्हणून आलो. चौथीतल्या मुलीची आई सांगते, की हाक मारली की पोरगी लगेच वळते, पण वर्गात तिचे लक्ष नसते अशी बाईंची तक्रार आहे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. टीव्हीचा आवाज खरोखरच ऐकू येत असतो, हाकही ऐकू येत असते, आणि तरीही तासाभरात त्यांच्यापैकी प्रत्येकाचा श्रवणदोष माझ्यासमोरच्या ऑडिओग्राम नावाच्या आलेखावर उमटलेला असतो. या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझी एक धारणा पक्की झाली आहे, ती अशी की ऐकण्यातली तूट सर्वांत जास्त काळ लपवून ठेवते ते उरलेले ऐकणेच. पूर्ण अंधत्व किंवा पूर्ण बहिरेपणा यांची कल्पना कोणालाही करता येते, पण जे अर्धे शिल्लक आहे त्याच्या आधाराने माणूस आणि त्याचे घर दोन्ही वर्षानुवर्षे स्वतःची समजूत घालत राहतात.

असे का होते हे समजण्यासाठी कान आवाजाचे काय करतो ते पाहावे लागते. हवेतून आलेली लहर कानाच्या नळीतून जाऊन पडद्यावर आदळते, पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ती हालचाल आतल्या कानाकडे पोचवतात, आणि त्यांतली रिकीब तर शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. इथपर्यंतचा प्रवास निव्वळ यांत्रिक आहे. खरे नवल त्यापुढे, कॉक्लिया नावाच्या द्रवाने भरलेल्या, सुमारे अडीच वेढे घेत गेलेल्या नळीत आहे. या नळीच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात आणि जसजसे आत जावे तसतसे खालच्या पट्टीचे. बाजाच्या पेटीवर प्रत्येक सुराची पट्टी जशी ठरलेल्या जागी असते, तशी इथे प्रत्येक वारंवारतेला स्वतःची जागा आहे. आवाजाची लहर या नळीत कशी सरकते आणि कुठे सर्वांत उंच उठते, हे शोधून काढणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रत्येक जागी केशपेशी, म्हणजे टोकाला सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, असतात, आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. आतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात, बाहेरच्या पेशी मंद आवाजाला बळ देतात आणि जवळजवळच्या सुरांना वेगळे करतात. पक्ष्यांच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवते. माणसाच्या कानात उगवत नाही, आणि माझ्या व्यवसायातील निम्मे दुःख या एका वाक्यात आहे.

वय, गोंगाट आणि कानाला अपायकारक औषधे या तिन्ही कारणांनी होणारी हानी बहुधा नळीच्या तोंडाकडून, म्हणजे उंच पट्टीकडून, सुरू होते. म्हणजे ऐकणे सगळीकडून सारखे मंदावत नाही. वरचे सूर जातात आणि खालचे बराच काळ शाबूत राहतात. हे बोलण्याच्या बाबतीत किती घातक आहे, ते मराठीतच पाहावे. आपले सगळे स्वर आणि म, न, ल यांसारखी व्यंजने खालच्या व मधल्या पट्टीत भरपूर ताकदीने येतात. बोलणारा कोण आहे, तो रागावला आहे की लाडात आहे, वाक्य संपले की नाही, हे सारे त्यांच्यावरून कळते. स, श, च, त, थ, ख, फ या व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी दोन हजार हर्ट्झच्या वर असते आणि त्यांचा आवाज स्वरांच्या मानाने फार हलका असतो. पण अर्थ त्यांच्यावर उभा आहे. 'सात' आणि 'साठ', 'पाच' आणि 'पास', 'पाट', 'पाठ' आणि 'पात' यांतला स्वर सारखाच, आणि ज्याला शेवटचे व्यंजन ऐकू येत नाही त्याला ऐकू येतो तो फक्त एक लांब 'आ'. त्यातून आपल्या भाषेत नात्याचा सगळा भार शब्दाच्या शेपटीवर असतो. 'शाळेत' मधला त, 'आईशी' मधला शी हे वाक्याच्या ओघात इतके हळू उच्चारले जातात की ज्या मुलीचे वरचे सूर गेले आहेत तिच्यापर्यंत ते पोचतच नाहीत, आणि मग ती वहीत 'मी शाळे गेले' असे लिहिते. बाई त्याला व्याकरणाची चूक म्हणतात. मला तो वाक्यात लिहिलेला ऑडिओग्राम वाटतो.

म्हणून 'आवाज येतो हो, पण काय म्हणतात ते कळत नाही' हे वयस्कर माणसाचे वाक्य बहाणा नसते. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषाचे याहून नेमके वर्णन वैद्यकीय पुस्तकातही सापडणार नाही. त्यात आणखी एक गुंतागुंत असते, आणि ती घराघरांत फार गैरसमज करते. बाहेरच्या केशपेशी गेल्या की मंद आवाज अजिबात ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच मोठा लागतो, कधी कधी असह्य होतो. ऐकू न येण्याच्या आणि कान दुखण्याच्या मधली जागाच आकसून गेलेली असते. आजी स्वयंपाकघरातून दोनदा विचारतात, 'अहो, गोळी घेतली का?' आजोबांना काही ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा त्या वैतागून आवाज चढवतात, आणि या वेळी आजोबांच्या कानावर तो थेट आदळतो: 'ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी!' दोघेही आपापल्या परीने खरे असतात. आजींना वाटते की हे मुद्दाम करतात, आजोबांना वाटते की आता हिच्या बोलण्यात मायाच उरली नाही. मी अशा जोडप्यांना आलेख समोर ठेवून ही गोष्ट समजावते, तेव्हा बहुधा आजी आधी गप्प होतात आणि मग विचारतात, 'म्हणजे यांना खरंच येत नव्हतं ऐकू?' यंत्र बसवण्याआधीच त्या दिवसाचे निम्मे काम झालेले असते.

उरलेल्या ऐकण्यावर माणूस काम चालवतो ते मेंदूच्या जिवावर. चेहरा पाहून, ओठ पाहून, विषय माहीत असेल तर अंदाजाने तो गाळलेल्या जागा भरत राहतो. शांत खोलीत, एकाशीच बोलताना हे जमते, म्हणून डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण ठणठणीत वाटतो. लग्नाच्या पंगतीत किंवा भिशीच्या गप्पांत ते जमत नाही. मग माणूस दमतो, हसून वेळ मारून नेतो आणि हळूहळू अशा ठिकाणी जाणेच टाळतो. घरच्यांना ती वयाची विरक्ती वाटते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींत मध्यम वयातल्या श्रवणदोषाचा समावेश केला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. जे रोज अशा माणसांना हळूहळू मिटत जाताना पाहतात, त्यांना ते तितके अनपेक्षित नव्हते.

आता तपासणीविषयी. ध्वनिरोधक खोलीत बसवून, कानावर हेडफोन लावून आम्ही २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक शुद्ध सूर ऐकवतो आणि प्रत्येक सुराचा सर्वांत मंद कोणता आवाज ऐकू येतो ते शोधतो. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली, आणि रेघ जितकी खाली तितका दोष जास्त. यातले शून्य डेसिबेल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम जाणवणारा आवाज म्हणजे शून्य. पुष्कळ जण डेसिबेललाच टक्के समजतात आणि 'चाळीस टक्केच गेलं आहे, साठ आहे की' असे समाधान मानतात. डेसिबेलचा हिशेब तसा चालत नाही. दहा डेसिबेल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट, आणि चाळीस म्हणजे दहा हजारपट. ज्याचा उंबरठा चाळीस डेसिबेलवर गेला आहे, त्याला शांत खोलीतही पलीकडच्या कोपऱ्यातून हळू बोललेले बहुतेक हरवते.

यानंतर कानामागच्या हाडावर एक छोटे कंपक ठेवून तीच चाचणी पुन्हा होते. हाडातून गेलेले कंपन बाहेरचा आणि मधला कान ओलांडून थेट कॉक्लियात पोचते. हाडातून नीट ऐकू येत असेल आणि हवेतून नसेल, तर अडथळा वाटेत आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेले पाणी, किंवा रिकीब घट्ट बसवून टाकणारा ओटोस्क्लेरोसिस. यातले बरेच काही कान-नाक-घसा तज्ज्ञ औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरे करू शकतात. दोन्ही वाटांनी सारखेच कमी ऐकू येत असेल, तर दोष आतल्या कानात किंवा चेतातंतूत आहे आणि तो बहुधा कायमचा आहे. काहींना दोन्ही असतात. श्रवणदोषाचे मूलभूत प्रकार एवढेच, आणि ते वेगळे करणे हे या शास्त्राचे पहिले काम.

पण या चाचणीतला सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो शिकायला विद्यार्थ्यांना सर्वाधिक वेळ लागतो. एक कान पूर्ण बधिर असेल आणि आम्ही त्याला मोठा सूर ऐकवला, तर तो सूर कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान ऐकतो. साध्या हेडफोनने सुमारे चाळीस डेसिबेलनंतर असे होऊ लागते. हाडावरच्या कंपकाने तर जवळजवळ लगेच. रुग्ण प्रामाणिकपणे बटण दाबतो, कारण त्याला खरोखर ऐकू आलेले असते, आणि मेलेल्या कानाचा आलेख कागदावर जिवंत दिसतो. म्हणून चांगल्या कानात मोजून-मापून खरखर सोडावी लागते, म्हणजे तो त्यात गुंतून राहील आणि दुसऱ्याची खरी अवस्था उघडी पडेल. याला मास्किंग म्हणतात. ते कमी पडले तर निष्कर्ष खोटा, जास्त झाले तरी खोटा. लहानपणी गालगुंड होऊन एक कान गेला आहे हे विशीत, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत कळलेली माणसे मी पाहिली आहेत. फोन नेहमी एकाच कानाला लावायचा, बाकावर नेहमी एकाच बाजूला बसायचे, एवढ्या सवयींवर त्यांचे आयुष्य सुरळीत चाललेले असते.

याच कारणाने एक धोक्याची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. एका कानाचे ऐकणे अचानक, एका सकाळी किंवा दोन-तीन दिवसांत, गेले तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था असते. लवकर स्टेरॉइड सुरू केले तर ते परत येण्याची शक्यता वाढते आणि दिवस जातील तशी ती कमी होत जाते. पण दुसऱ्या कानावर निभावते, म्हणून लोक मळ असेल, सर्दी असेल असे म्हणून तेल घालत बसतात आणि आमच्याकडे येतात ते दोन-तीन आठवड्यांनी. असे झाल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, इतके स्पष्ट मी इतर फार थोड्या गोष्टींविषयी सांगते.

हा व्यवसाय तसा तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि स्फोटांनी कान गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत लष्करी रुग्णालयांनी पुनर्वसन केंद्रे उघडली, आणि तिथे काम केलेल्या रेमंड कार्हार्ट यांच्याकडे आधुनिक ऑडिओलॉजीचे जनकत्व दिले जाते. आपल्याकडे मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली सुरू झाली, आणि मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली. बारावीनंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, आणि १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आम्ही औषध देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. ऐकणे मोजणे, दोष कुठे आहे ते शोधणे, यंत्र निवडून ते त्या कानाला जुळवणे आणि नंतर ऐकायला पुन्हा शिकवणे हे आमचे काम. बाजारात मात्र केवळ यंत्र विकणारेही असतात, आणि कोणत्याही चाचणीशिवाय काउंटरवरून यंत्र घेऊन आलेला माणूस पाहिला की मला त्याच्या पैशांपेक्षा त्याच्या गमावलेल्या विश्वासाची काळजी वाटते, कारण असा माणूस दुसऱ्यांदा सहसा यंत्र घेत नाही.

गोंगाटाने होणाऱ्या बहिरेपणाची हकिकत जुनी आहे. १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचेही ऐकणे निकोप आढळले नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबेलच्या पुढे सहज जातो. तिथल्या कामगाराचा आलेख मी नाव न पाहता ओळखू शकते: खालचे सूर सरळ, तीन हजारांपर्यंत ठीक, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास एकदम खोल खळगा. तेवढ्या खळग्याने रोजचे बोलणे फारसे अडत नाही, म्हणून कामगाराला काही जाणवत नाही; तो खळगा वर्षांगणिक रुंद होत दोन हजारांपर्यंत येतो तेव्हा शब्द तुटू लागतात, आणि त्या वेळी करण्यासारखे फार उरलेले नसते. जगभर मानली जाणारी सुरक्षित मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबेल अशी आहे, आणि दर तीन डेसिबेलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० आहे. कापसाच्या बोळ्याने फारसे काही थोपत नाही. फोमचे नीट आत बसवलेले बूच किंवा कानावरची टोपणे लागतात. गणेशोत्सवात तासन्‌तास ताशाजवळ उभ्या राहणाऱ्या तरुण वादकांनाही मी हेच सांगते. मिरवणुकीनंतर कान भरल्यासारखे वाटतात, शिट्टी वाजत राहते, आणि दोन दिवसांनी बरे वाटते. ते बरे वाटणे फसवे असते, कारण आलेख पूर्ववत झाला तरी काही चेतातंतूंची केशपेशींशी असलेली जोडणी कायमची तुटलेली असू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

क्षयरोगाच्या औषधांचा इतिहासही असाच आहे. स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य जीव वाचवले आणि त्याच वेळी कानही घेतले. पुढे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर कानामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात, आणि त्यातून उठलेले कित्येक तरुण रुग्ण बरे झाले ते ऐकणे गमावूनच. तिथेही हानी सर्वांत वरच्या सुरांपासून सुरू होई, म्हणून रुग्णाची तक्रार येण्याआधी नियमित चाचणीतच ती दिसत असे, आणि चाचणी होतच असे असे नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन शिफारशींतून वगळून तोंडाने घ्यायच्या बेडाक्विलिनसारख्या औषधांना पुढे आणले. गेल्या काही वर्षांत माझ्या क्षेत्रात घडलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी ही एक मी मानते, आणि ती आमच्या खोलीबाहेर घडली.

श्रवणयंत्राविषयी लोकांच्या दोन टोकाच्या समजुती असतात: ते घातले की सगळे पूर्वीसारखे होईल, किंवा त्याचा काही उपयोग नाही. यंत्र आवाज मोठा करते, गेलेल्या केशपेशी परत आणत नाही. चांगले यंत्र ज्या सुरांना जितकी गरज आहे तितकेच बळ देते आणि मोठा आवाज असह्य होण्याआधी थांबवते. स्वस्त वर्धक सगळेच वाढवतो, त्यात ज्या खालच्या सुरांची गरजच नव्हती ते आणखी फुगतात आणि बिचाऱ्या 'स'ला झाकून टाकतात. म्हणून यंत्र बसवल्यावर कानाच्या नळीत बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज नेमका किती पोचतो ते मोजावे लागते. ही मोजणी व्हायला हवी तितकी होत नाही. तोच रुग्ण आठवड्याने, महिन्याने पुन्हा यायला हवा, कारण कित्येक वर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला सुरुवातीला गोंधळच वाटतात: नळाची धार, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज. या पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी धीर दिला तर यंत्र कानात राहते, नाहीतर कपाटात जाते. यंत्र जुळवताना आम्ही आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा ध्वनी तोंड झाकून उच्चारतो, कारण बोलण्याचा जवळजवळ सारा पट्टा त्यांत सामावतो. शेवटचा स ऐकून मान डोलावणाऱ्या माणसाचा चेहरा पाहणे हे या कामाचे खरे वेतन आहे.

कायद्याविषयीही मला बोलायचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारतांवर, ६० ते ७० डेसिबेल दोष असेल तर 'कमी ऐकू येणारी व्यक्ती' आणि त्यापुढे 'बधिर' मानले जाते. सवलतींना कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य. पण ज्या मुलीचा दोष ४५ डेसिबेलचा आहे ती या रेघेच्या अलीकडे राहते. तिला प्रमाणपत्र नाही आणि यंत्रासाठी मदतही सहसा नाही, आणि साठ मुलांच्या वर्गात चौथ्या बाकावर बसून ती तासाला शिकवलेले अर्धेच ऐकते. तिला पहिल्या बाकावर बसवायला आणि फळ्याकडे तोंड करून न बोलायला कायद्याची गरज नाही, हे मी शाळांना लिहून देते. काही शिक्षक ते मनापासून पाळतात, आणि त्या मुलींचे गुण वर्षभरात बदललेले मी पाहिले आहेत.

तरी सर्वांत जास्त काही हरवते ते तान्ह्या बाळांचे. मूल भाषा शिकते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, ऐकता ऐकता किंवा हातांच्या खुणा पाहता पाहता, आणि त्या काळात त्याला कोणतीच भाषा मिळाली नाही तर पुढे ती उणीव भरून काढणे फार कठीण जाते. म्हणून पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांची सुरुवात असा क्रम जगभर मानला जातो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिले, की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही एक अतिशय मंद आवाज बाहेर टाकतो. बाहेरच्या केशपेशींचे हे उत्तर छोट्या यंत्राने टिपता येते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक बसवून काही मिनिटांत होणारी ही ओएई चाचणी आहे. मात्र जी बाळे जन्मानंतर अतिदक्षता विभागात होती किंवा ज्यांची कावीळ फार वाढली होती, त्यांच्यासाठी ती पुरेशी नाही, कारण त्यांच्या केशपेशी शाबूत असून चेतातंतूकडून मेंदूला संदेश नीट न जाण्याचा दोष असू शकतो, आणि अशा बाळाचा कान ओएईला अगदी निरोगी उत्तर देतो. त्यांना मेंदूतल्या लहरी टिपणारी बेरा चाचणीच करावी लागते.

निदान वेळेवर झाले तर वाटा आहेत: यंत्र, तीव्र दोषात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले, चेतातंतूला थेट संदेश देणारे उपकरण, ज्यासाठी केंद्राच्या योजनेतून पात्र बालकाला आर्थिक मदत मिळते, आणि भारतीय सांकेतिक भाषा. यांच्यात भांडण लावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि ती मला पटत नाही. मुलाला भाषा मिळाली पाहिजे, कानातून असो की हातांतून, आणि इम्प्लांट ठरायला वेळ लागत असेल तर तोवर घरात खुणांची भाषा सुरू करायला कोणीही आडकाठी करू नये. बोलणे त्याने मागे पडते ही भीती मी अजूनही पालकांच्या तोंडून ऐकते. ज्या मुलांना लवकर कोणतीही पक्की भाषा मिळाली, त्यांनाच पुढचे शिकणे सोपे जाताना मी पाहिले आहे.

२००७ पासून बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत बाळांच्या चाचणीची यंत्रे पोचली आहेत. खरी गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये. पहिल्या चाचणीचा निकाल 'रेफर' आला, म्हणजे दोष आहेच असे नव्हे. कानात जन्मावेळचे पाणी असले तरी तसे येते, म्हणून पुन्हा तपासायचे असते. आई बाळाला घेऊन गावी जाते. तिथे कुकरची शिट्टी होते आणि बाळ दचकते, दार आपटले की वळते, आत्या म्हणते की बघा, ऐकतो की. सुरुवातीचे हुंकार आणि बडबड बहिऱ्या बाळांतही असते, त्यामुळे काही महिने शंकेला जागाच राहत नाही. मग 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते' असे करत दोन वर्षे जातात. म्हणून आता 'रेफर' शेरा लिहिलेला कागद हाती देताना मी आईला बसवून सांगते, की घरी हे बाळ आवाजाला दचकेल, कदाचित हाकेलाही वळेल, आणि तरीही पुन्हा यायचे आहे, कारण दचकण्यापुरते ऐकणे आणि बोली शिकण्यापुरते ऐकणे यांत फार अंतर आहे. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या असतील तर त्यांनाही आत बोलावते, कारण परतायचे की नाही हे बहुधा घरात ठरते. पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि तीच तारीख त्यांच्या गावच्या आशाताईंनाही कळवते.